इंजिन ऑइलमध्ये वेगळं ॲडिटिव्ह टाकायची गरज किती?

गाडीचं ऑइल बदलायला गेलं की काउंटरवर बहुतेक वेळा एक जादा बाटली पुढे येते. ‘ही टाका, पिकअप वाढेल, आवाज कमी होईल, ॲव्हरेज सुधारेल.’ काही शे रुपयांचाच प्रश्न म्हणून बरेच जण हो म्हणतात. या बाटलीने काय होतं आणि काय होत नाही, ते पाहू.

ऑइलमध्ये आधीच काय असतं?

डब्यातलं इंजिन ऑइल म्हणजे नुसतं तेल नव्हे. त्यात साधारण ७० ते ९० टक्के बेस ऑइल आणि बाकी ॲडिटिव्ह असतात. डिटर्जंट पिस्टन स्वच्छ ठेवतात आणि तयार होणारं आम्ल मारतात. डिस्पर्संट काजळीचा गाळ होऊ देत नाहीत. झेडडीडीपी हे जस्त-फॉस्फरसचं रसायन धातूवर पातळ थर धरून झीज रोखतं. शिवाय फेस थांबवणारे आणि तापल्यावर ऑइल फार पातळ होऊ न देणारे घटक असतात. हे सगळं मिश्रण एकत्र तपासून ठरवलेलं असतं. वरून एखादा घटक वाढवला की तो तोल बिघडू शकतो.

तोटा कुठे होतो?

फॉस्फरस सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतो. म्हणून एपीआय एसपी दर्जाच्या ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३० अशा पातळ ऑइलमध्ये तो जास्तीत जास्त ०.०८ टक्के ठेवतात. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराचा फिल्टर असतो. त्यातली काजळी जळून जाते, पण ॲडिटिव्हची राख तशीच साचते. कारसाठीची बाटली मोटरसायकलमध्ये तर टाकूच नये. बहुतेक बाइकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, तो घसरू लागतो.

जाहिरातीतले दावेही जपूनच घ्यावेत. टेफ्लॉनसारखं पीटीएफई असलेल्या ‘स्लिक ५०’ या प्रसिद्ध ॲडिटिव्हच्या दाव्यांना पुरावा नाही, असा आक्षेप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने घेतला होता. १९९७ मध्ये त्यात तडजोड झाली आणि तसे दावे करण्यावर बंधन आलं.

जुनी गाडी घेताना सावध

खरा फटका बसतो तो सेकंडहँड गाडीत. ऑइल दाट करणारं ॲडिटिव्ह टाकलं की रिंगा झिजलेल्या इंजिनचा धूर आणि आवाज काही दिवस दबतो. व्यवहार होतो, मग गाडी ऑइल खायला लागते आणि इंजिनचं काम निघतं. आपल्या भागात गोवा किंवा कोल्हापूर पासिंगची गाडी घेणारे पुष्कळ. एकदा एनओसी आणून इथला रोड टॅक्स भरला की गाडी परत देणं अवघड. म्हणून आधीच एवढं पाहावं:

– गाडी रात्रभर बंद असताना, सकाळी थंड इंजिनवर स्टार्ट करून पाहावी. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय.
– इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करावं. भसाभसा वाफ येत असेल तर रिंगांची शंका घ्यावी.
– आपल्या मेकॅनिककडून कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्यावी.
– शेवटचं ऑइल कधी बदललं, कोणतं टाकलं, याचं बिल मागावं.

मग उपयोग कुठे?

ॲम्बेसिडरसारख्या जुन्या बांधणीच्या इंजिनला झेडडीडीपी जास्त लागतं. पण तिथेही ते जास्त असलेलं ऑइलच घेणं सोपं. इंजेक्टर क्लीनर ही वेगळी वस्तू, ती पेट्रोल-डिझेलच्या टाकीत जाते. तिचा ऑइलशी संबंध नाही.

बाकीच्यांनी गाडीच्या पुस्तकात दिलेल्या ग्रेडचं ऑइल आणि चांगला फिल्टर वेळेवर बदलावा, महिन्यातून एकदा डिपस्टिक पाहावी. वॉरंटीतल्या गाडीत काही टाकण्याआधी तेच पुस्तक वाचावं. ‘ॲडिटिव्ह वापरू नये’ असं अनेक कंपन्या त्यात लिहितात.