विम्याची पॉलिसी आणि वाटाण्याचं रोप

दिग्दर्शकाचा पहिला सिनेमा म्हटलं की प्रतिभा, ध्यास, वेड वगैरे शब्द आठवतात. मला मात्र आधी आठवते ती विम्याची पॉलिसी!

दादासाहेब फाळक्यांनी गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि ठरवलं, आपले देव पडद्यावर आणायचे. तेव्हा चाळिशी गाठलेली, पदरात मुलं, उत्पन्नाची बोंब. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ साली लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीच्या कॅमेऱ्याची सोय करून परतले. पण पुढच्या खर्चाला पैसे कोण देणार? मग त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवताना रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर बघता बघता रोप वाढलं. ते पाहून तारणावर का होईना, कर्ज मिळालं. आमच्या भाषेत सांगायचं तर, आधी डेमो, मग फंडिंग.

आणि सरस्वतीबाई? दिवसभर सगळ्यांचा स्वयंपाक, रात्री अंधारात कोऱ्या फिल्मच्या कडांना भोकं पाडायची. तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना, म्हणून साळुंके नावाचा हॉटेलातला आचारी उभा राहिला. ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' कोरोनेशन थिएटरात लागला.

चाळीसेक वर्षांनी कलकत्त्यात तीच गोष्ट. सत्यजित राय जाहिरात कंपनीत नोकरीला, त्यामुळे 'पथेर पांचाली'चं सुरुवातीचं शूटिंग रविवारी. छायाचित्रकार सुब्रत मित्र एकवीस वर्षांचा, मूव्ही कॅमेरा त्याने कधी हाताळला नव्हता. १९५२ च्या ऑक्टोबरमध्ये काशफुलांच्या रानात थोडं चित्रण झालं. पुढच्या रविवारी जाऊन बघतात तर गुरांनी फुलं फस्त केलेली! उरलेला प्रसंग पुढच्या मोसमात. निर्माते नाही म्हणत होते. मग इथेही विम्याची पॉलिसी तारण ठेवली, पत्नी विजया राय यांचे दागिने गहाण पडले. शेवटी पश्चिम बंगाल सरकारने पैसे दिले आणि १९५५ साली सिनेमा झळकला.

म्हणजे दोन्ही वेळा पहिला निर्माता घरातच होता. इतिहासात नाव मात्र दिग्दर्शकाचं राहिलं.

'एकदा फिल्म करायचीये यार' म्हणणारे आपल्यातही बरेच आहेत. कॅमेरा आता खिशातच असतो, वाटाणेही कुठल्याही वाण्याकडे मिळतील. रात्री जागून भोकं पाडायला कोण बसणार, ते तेवढं घरी आधी विचारून घ्या.