नाझची गच्ची

यंदा शाळेची सहल मुंबईला नेण्याचे ठरले. मुख्याध्यापकांनी ठिकाणांची यादी माझ्याकडून मागितली. गेट वे ऑफ इंडिया, राणीचा बाग, तारापोरवाला मत्स्यालयाच्या बाजूने चौपाटी, मग मलबार हिलवरचे हँगिंग गार्डन आणि कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट. एवढे लिहून झाले आणि हाताने आपोआप पुढचा शब्द लिहिला, 'नाझ'. लिहून झाल्यावर लक्षात आले की ते हॉटेल बंद होऊन पाव शतक होत आले. मी तो शब्द खोडला. पण मनातून तो काही गेला नाही.

आमच्या शिरवळला समुद्र नाही. नीरा नदी आहे, तिच्या काठी सुभानमंगळचे नाव आहे, जवळच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत आणि गावाला लागून पुणे-सातारा महामार्ग आहे. १६४८ ची सुभानमंगळची लढाई मुलांना तोंडपाठ असते. परंतु त्यांचे आजोबा मुंबईत कुठे राबले आणि सुट्टीच्या दिवशी कुठे बसले, हे त्यांना ठाऊक नसते. तोही इतिहासच आहे, असे मला वाटते.

माझे अब्बा गिरणीत होते. सातारा जिल्ह्यातून हजारो माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली, त्यांतलेच एक. मदनपुऱ्यात एका खोलीत दहा-बाराजण राहायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. वर्ष उलटले तरी गिरणीचे दार काही त्यांच्यासाठी उघडले नाही. अब्बा शिरवळला परतले आणि रस्त्याच्या कडेला पंक्चरचे दुकान टाकले. गिरणीविषयी ते फारसे बोलत नसत. बोलत ते नाझविषयी.

ईदच्या दुसऱ्या दिवशी, बासी ईदला, खोलीतले सगळे मिळून मलबार हिलवर जात. आधी हँगिंग गार्डन. ही बाग मुंबईला पाणी पुरवणाऱ्या जलाशयाच्या छतावर आहे आणि तिला सर फिरोजशहा मेहतांचे नाव आहे. तिच्यासमोर कमला नेहरू पार्क, १९५२ चा. आणि त्याला लागूनच टेकडीच्या कडेवर नाझ. खाली गिरगाव चौपाटी, मरीन ड्राइव्हची कमान आणि पलीकडे पसरलेला अरबी समुद्र. गच्च्या एकावर एक होत्या आणि वर जावे तसा चहाचा भाव चढत असे. अब्बांच्या मंडळींचा चहा खालच्या गच्चीवरचा. "समुद्र तोच दिसतो," असे ते सांगत.

अब्बा त्याला इराण्याचेच हॉटेल म्हणत. त्या म्हणण्यात एक इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून याझ्द आणि केरमान भागातून इराणी माणसे मुंबईत आली. बहुतेक झरतुष्ट्री, काही मुसलमानही. कोपऱ्यावरची दुकाने अशुभ मानून इतर व्यापारी टाळत. तीच यांनी घेतली आणि चहा, ब्रून, मस्का सुरू केले. जातीप्रमाणे खानावळी वेगळ्या आणि पाण्याचे पेलेही वेगळे असण्याचा तो काळ. इराण्याच्या संगमरवरी टेबलावर मात्र खिशात चहापुरते पैसे असले म्हणजे पुरे. शेजारच्या खुर्चीवर कोण बसले आहे, हे विचारायचे कारण नव्हते. खेड्यातून आलेल्या मुसलमान कामगाराला मुंबईने नोकरी दिली. पण 'बसा' असे म्हटले ते या हॉटेलांनी.

१९९८ च्या मे महिन्यात अब्बांनी अम्मीला आणि मला मुंबईला नेले. मी चौथीची परीक्षा दिली होती. मदनपुऱ्यात फुफूकडे उतरलो. दुसऱ्या दिवशी म्हातारीचा बूट पाहून झाल्यावर अब्बा नाझमध्ये शिरले आणि खालच्या गच्चीवर न थांबता जिना चढत राहिले. अम्मी मागून म्हणाली, "अजी, उप्पर महंगा है."

"मालूम है," अब्बा म्हणाले. "बीस बरस नीचे बैठा. आज बेटी को उप्पर बिठाता."

तीन चहा आणि एक प्लेट सँडविच. अब्बांनी स्वतः सँडविचला हात लावला नाही. मी पहिल्यांदा समुद्र पाहिला तो असा, वरून. संध्याकाळ झाली, खाली दिवे लागले. लोक त्याला राणीचा हार का म्हणतात, हे मला कोणी समजावून सांगावे लागले नाही.

पुढे थोड्याच दिवसांत नाझ बंद झाले. जागा महापालिकेची, भाडेपट्ट्याची मुदत वाढली नाही. धोबीतलावचे बस्तानी २००४ मध्ये गेले. एकेक करून अशी किती गेली! वारसांना धंद्यात रस उरला नाही, जागांचे भाव वाढले, आणि चहाच्या एका कपावर तासभर बसू देणे परवडेनासे झाले. यात कोणाला दोष द्यावा असे मला वाटत नाही. पण हॉटेल बंद होते तेव्हा नुसता धंदा बंद होत नाही, बसण्याची एक जागाही जाते, आणि तशी दुसरी सहज मिळत नाही.

मार्च २०२५ मध्ये त्याच परिसरात महापालिकेने झाडांमधून जाणारा ४८५ मीटरचा लाकडी उन्नत मार्ग खुला केला. तिकीट पंचवीस रुपये. टोकाला उभे राहून चौपाटी दिसते. चांगली सोय आहे; मुलांना मी तिथे नेणार आहे. मात्र ती उभ्याने पाहण्याची जागा आहे. ठरलेल्या वेळेत पाहायचे आणि पुढे सरकायचे.

अब्बा आता नाहीत. नाझ या शब्दाचे अर्थ मी वर्गात शिकवते : लाड, ऐट, अभिमान. शिकवताना मला तो जिना आठवतो. एका पंक्चरवाल्याने एका संध्याकाळपुरते हे तिन्ही अर्थ विकत घेतले होते.

सहलीआधी मुलांना मी एक गृहपाठ दिला आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारायचे, मुंबईत, पुण्यात, साताऱ्यात तुम्ही कुठे चहा पीत होता? शेजारी कोण बसत असे? मिळेल ते वहीत लिहून आणायचे. ती माणसे आहेत तोवरच हे विचारता येईल.