परभणी जिल्ह्यांतील जात्यावरील ओव्या : ध्वनिप्रतींची परंपरा व प्रतिनिर्णय

परभणी जिल्ह्यांत, आज पूर्णा तालुक्यांत मोडणारें ताडकळस नांवाचें गांव आहे. तेथील गंगूबाई अंबोरे या गायिकेच्या गळ्यांतील जात्यावरील ओव्या इ. स. १९९६ मध्यें ध्वनिफितीवर उतरविण्यांत आल्या. त्या ओव्यांचा अर्थ किंवा त्यांतील काव्य हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. त्यांची प्रत कोठून कोठें गेली, आज ती कोणत्या रूपानें संग्राहकाच्या हातीं येते, आणि हातीं आलेली प्रत अस्सल कीं नक्कल, पूर्ण कीं त्रुटित, हें कसें ठरवावें, एवढ्यापुरताच हा विचार आहे. पोथ्या व कागदपत्रें यांच्या बाबतींत अशी चिकित्सा आपल्याकडे शंभराहून अधिक वर्षें चालत आली आहे. ध्वनिलेखांस तीच कसोटी लावण्यास कोणती हरकत आहे, हें प्रस्तुत लेखकास समजत नाहीं.

प्रथम हें साधन ऐतिहासिक कां मानावें तें सांगितलें पाहिजे. परभणीचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. त्या राज्याचें दप्तर आधीं फारसींत व मागाहून उर्दूंत चाले. त्यांत जमाबंदी सांपडते, जहागिरी सांपडतात, इनामांचे तंटे सांपडतात. परंतु पहांटे उठून दळणारी बाई त्या दप्तरांत सांपडत नाहीं. सांपडलीच तर वारसाच्या दाव्यांत कोणाची तरी बायको म्हणून सांपडते. तिचें सासर, तिचें माहेर, दुष्काळांतली तिची ओढाताण, भावानें न पाठविलेली चोळी, पंढरीची वाट, पुढें आंबेडकरांच्या चळवळीनें तिच्या घरांत आणलेला पालट, यांची साक्ष ओवींत आहे. विजेवर चालणारी पिठाची गिरणी गांवोगांव झाली तेव्हां जातें कोपऱ्यांत गेलें, आणि जात्याबरोबर ओवी म्हणण्याचा प्रसंगही गेला. म्हणून ज्या ओव्या त्या पिढीच्या तोंडून वेळीं उतरून घेतल्या गेल्या, तेवढ्याच उरल्या. हरवलेल्या पोथीची दुसरी प्रत एखाद्या मठांत मिळूं शकते. गेलेल्या गळ्याची मिळत नाहीं.

याच जिल्ह्यांत गंगाखेड आहे, व गंगाखेड हें जनाबाईचें गांव. दळितां कांडितां विठ्ठल जिच्या जात्याला हात लावतो अशी कथा आहे, तिचाच हा मुलूख असल्यामुळें येथील ओव्यांतून तिचें नांव वारंवार यावें हें साहजिक आहे. पण जनाबाईचें उदाहरण आपल्या विषयाला दुसऱ्याच कारणानें लागू पडतें. तिच्या नांवावर छापील गाथांतून सुमारें साडेतीनशें अभंग दिले जातात. त्यांतील कोणते तिचे व कोणते मागाहून तिच्या नांवावर चढलेले, याचा निर्णय करणें कठीण आहे. कारण नकलकारांस अभंगाच्या शेवटची नाममुद्रा पुरेशी वाटली, प्रत कोठून घेतली हें लिहिण्याची गरज वाटली नाहीं. तरी अभंगाला नाममुद्रा आहे. ओवीला तीही नाहीं. ती म्हणणारीचें नांव, गांव, जात, वय, दिवस, हें सर्व उतरून घेणाऱ्यानें बाहेरून लिहिलें तरच राहतें. पोथीच्या शेवटीं जी पुष्पिका असते, तिचें काम येथें संग्राहकाच्या टिपणानें केलेलें असतें. ती पुष्पिका गळाली म्हणजे ताडकळसची बाई आणि मावळांतली बाई एक होऊन जातात.

हें टिपण काळजीपूर्वक ठेवणारीं माणसें या ओव्यांना लाभलीं हें मोठें भाग्य होय. पुण्यास गी पॉइटवाँ व हेमा राईरकर यांनी १९८० नंतरच्या दशकांत मुळशीच्या डोंगराळ भागांतील बायांच्या सहकार्यानें ओव्या लिहून घेण्याचें काम आरंभिलें. पुढें तें मावळ, मुळशी ओलांडून मराठवाड्यापर्यंत पसरलें. हजाराहून अधिक गांवें, तीन हजारांहून अधिक गायिका व एक लक्षाहून अधिक ओव्या असा तो संग्रह आहे. बर्नार्ड बेल हे संगणक व संगीत या दोहोंचे जाणकार फ्रेंच गृहस्थ १९९० नंतर या कामांत आले व त्यांनीं ध्वनिमुद्रणाची बाजू सांभाळली. मात्र लेखी ओव्या लाखावर असल्या, तरी ध्वनिमुद्रण सुमारें १२० तासांचेंच आहे. म्हणजे बहुतेक ओव्यांचा शब्द उरला आहे, गळा उरलेला नाहीं. परभणीच्या ज्या थोड्या ओव्यांचा गळाही उरला आहे, त्यांचें मोल या प्रमाणावरून समजावें. पॉइटवाँ २००४ मध्यें वारले. पुढें २०१७ पासून या संग्रहांतील ओव्या 'पारी' नांवाच्या ग्रामीण जीवनाच्या संग्रहानें इंटरनेटवर क्रमशः प्रसिद्ध केल्या. गायिकेचें नांव, गांव, तालुका, जिल्हा, मुद्रणाची तारीख व शक्य तेथें छायाचित्र, असें सर्व त्यांनीं ओवीबरोबर ठेवलें, ही गोष्ट त्यांस भूषणावह आहे.

मूळ मुद्रण डॅट या जातीच्या अंकीय फितीवर झालें होतें. ही फीत १९८७ मध्यें बाजारांत आली. तिचीं यंत्रें करणें सोनी कंपनीनें २००५ मध्यें थांबविलें. ताडपत्राला कसर लागते, कागदाला वाळवी लागते; येथें फीत शाबूत राहून ती वाचणारें यंत्रच नाहींसें होतें, असा हा नवा प्रकार आहे. मोडी लिपि वाचणारा शेवटचा कारकून मेला म्हणजे रुमालांची जी अवस्था होईल तीच ही. म्हणून वेळीं प्रती करून त्या अनेक ठिकाणीं ठेवणें हाच उपाय होता, व तो करण्यांत आला. १९८२ मध्यें स्थापन झालेल्या व आतां गुरुग्राम येथें असलेल्या संगीतविषयक संग्रहालयांत आणि फ्रान्समधील एक्स-आं-प्रोव्हान्स येथील भाषणसंग्रहांत या ध्वनिलेखांच्या प्रती गेल्या. परभणीच्या बाईचा आवाज परभणींत ऐकूं येण्यापूर्वीं फ्रान्सांत पोंचला. पण ज्यांनीं मराठ्यांचे कागद लंडन व लिस्बन येथें जाऊन पाहिले आहेत, त्यांस याचें नवल वाटूं नये.

आतां दुसरी परंपरा पाहूं. ती संस्थांची नव्हे, हौशी लोकांची. १९९९ मध्यें अमेरिकेंत नॅप्स्टर निघालें व २००१ मध्यें न्यायालयाच्या आज्ञेमुळें बंद पडलें. त्याच सुमारास सोलसीक निघालें, आणि २००१ मध्येंच बिटटॉरेंटची युक्ति प्रसिद्ध झाली. यांतील मर्म असें कीं, मध्यें एक मोठें दप्तर ठेवावयाचें नाहीं. ज्याच्या त्याच्या घरचें कपाट इतरांस उघडें ठेवावयाचें. मागणाऱ्यानें नांव टाकावें, ज्याच्याजवळ ती वस्तु असेल त्याच्या संगणकांतून ती आपल्याकडे उतरून घ्यावी. बिटटॉरेंटमध्यें तर एकच फाईल शेंकडों तुकड्यांनीं, निरनिराळ्या घरांतून एकाच वेळीं येते व येथें जुळते. शेवटीं प्रत्येक तुकड्याची अंकांत मांडलेली खूण ताडून पाहिली जाते. एक अंश बदलला असला तरी तो तुकडा नाकारला जातो. जुने लेखक पोथीच्या शेवटीं बत्तीस अक्षरांचा एक ग्रंथ या मापानें ग्रंथसंख्या लिहीत, ती याच हेतूनें. प्रत 'उतरून घेणें' हा पोथ्यांच्या व्यवहारांतला आपला शब्द या नव्या कामास जसाच्या तसा लागू पडावा, ही मौज आहे. संग्राहकांच्या स्वभावाविषयीं जे म्हणतात तें मात्र येथें उलटें झालें. राजवाडे दप्तरें पाहावयास जात तेव्हां कित्येक घरंदाज मंडळी कुलुपें लावून बसत. इकडे अनोळखी मनुष्य पहांटे तीन वाजतां दुसऱ्याच्या कपाटांत शिरतो आणि धनी झोंपलेला असतो.

परंतु या उदारपणाची किंमत पुष्पिकेनें द्यावी लागते. ती खूण एवढेंच सांगते कीं, तुझी प्रत माझ्या प्रतीसारखी आहे. माझी प्रत कोणाच्या गळ्याची, हें ती सांगत नाहीं. स्वस्त इंटरनेट खेड्यांत पोंचण्यापूर्वीं, मोबाईलच्या दुकानांत कांहीं रुपये देऊन मेमरी कार्डावर गाणीं भरून घेण्याची रीत मराठवाड्याच्या बाजारपेठांतून सर्रास होती. दुकानदाराच्या संगणकांतील फायलींचीं नांवें 'ओवी १', 'जुनी गाणी', 'आजीची ओवी' अशीं असत. त्या कार्डावरून पेन ड्राइव्हवर, पेन ड्राइव्हवरून पुनः इंटरनेटवर, असा फेरा झाला म्हणजे गायिका निनांवी होते. त्यांत लिपीचा घोळ आणखी. एकाच गांवाचें नांव रोमन अक्षरांत चार तऱ्हांनीं लिहिलें जातें. आणि युनिकोडपूर्वींच्या मराठी टंकांत लिहिलेलें नांव तर यंत्रास मुळींच कळत नाहीं, त्याला तीं निरर्थक अक्षरें दिसतात. शोध घेणाऱ्यानें देवनागरी व रोमन अशा दोन्ही लिप्यांत, रोमनमध्यें शक्य तितक्या लेखनभेदांनीं, आणि गायिकेच्या नांवाऐवजीं गांवाच्या नांवानें शोध घ्यावा हें बरें.

प्रत हातीं आल्यावर तिची परीक्षा कशी करावी? पहिली गोष्ट आकाराची. मूळ मुद्रण बिनकाटछाट साठविल्यास एका मिनिटास सुमारें १० मेगाबाइट लागतात. सामान्य एमपी३ प्रतीस त्याच मिनिटास सुमारें एक मेगाबाइट पुरतो. जें वगळलें जातें तें कानास बहुधा जाणवत नाहीं असें म्हणतात. असेल. पण एमपी३ वरून पुनः एमपी३ केली कीं नुकसान वाढत जातें, आणि अशी प्रत मोठ्या फाईलींत भरून कोणी 'मूळ प्रत' म्हणून पुढें केली, तर आकारावरून ती ओळखतां येत नाहीं. उंच स्वरांचा भाग एका रेषेवर कापल्यासारखा दिसला म्हणजे ती उघडकीस येते. याहून वाईट प्रकार 'स्वच्छ' केलेल्या प्रतींचा. संगणकानें घरघर काढून टाकलेली ओवी ऐकावयास गोड लागते. पण ती घरघर जात्याची असते. बाई खरोखर दळीत होती कीं हौशी पाहुण्यांपुढें ओटीवर बसून म्हणत होती, दगडाच्या फेऱ्याशीं चरणाचा मेळ कसा होता, मध्यें वैरण घालण्यास ती कोठें थांबली, हा सर्व पुरावा त्या घरघरींत आहे. ती काढून टाकणें म्हणजे पत्रावरील शिक्का खरवडून कागद पांढरा करणें होय.

ग्रामोफोनच्या तबकड्यांचें उदाहरण येथें उपयोगी आहे. १९०२ च्या नोव्हेंबरांत गेसबर्ग यानें कलकत्त्यास गोहरजानच्या तबकड्या घेतल्या, तेव्हां गाणें संपतांच गायिकेनें आपलें नांव इंग्रजींत उच्चारलें. साचे हॅनोव्हरला जाऊन तेथें तबकड्या निघावयाच्या होत्या. तेथील कारागिरांस नांव समजावें म्हणून ही सोय. ही बोललेली पुष्पिकाच होय, व पुढें नकला करणाऱ्यांनीं शेवटचें बोलणें निरुपयोगी म्हणून अनेकदां कापून टाकलें आहे! तबकडीच्या मधल्या गुळगुळीत भागावर कोरलेला साचाक्रमांक हीही अशीच खूण. छायाचित्रांत तो भाग न घेणारा संग्राहक अर्धें काम करतो. गतीचीही गोष्ट आहे. सर्व जुन्या तबकड्या मिनिटास ७८ फेऱ्यांच्याच नव्हत्या. ७४ ची तबकडी ७८ वर फिरविली कीं काळी दोनची पट्टी जवळजवळ पांढरी तीन होते, आणि मग अमक्या गवयाचा आवाज तरुणपणीं किती चढा होता यावर व्यर्थ चर्चा सुरू होते. १९९० मध्यें मुंबईस स्थापन झालेल्या तबकडी-संग्राहकांच्या सोसायटीनें, विशेषतः सुरेश चांदवणकर यांनीं, या गोष्टींकडे लोकांचें लक्ष वेधलें. 'यंग इंडिया' या १९३५ ते १९५५ पर्यंत चाललेल्या मुंबईच्या स्वदेशी कंपनीच्या तबकड्यांच्या अंकीय प्रती ब्रिटिश लायब्ररीच्या साहाय्यानें करण्यांत आल्या, त्यांतही चांदवणकरांचा पुढाकार होता.

कायद्याविषयीं थोडेंच लिहितों. १९५७ च्या आपल्या कायद्याप्रमाणें ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षें राहतो. त्यापलीकडील तबकडी कोणीही उतरावी. अमेरिकेंत मात्र जुन्या तबकड्या इंटरनेटवर ठेवणाऱ्या संस्थेवर २०२३ मध्यें मोठ्या कंपन्यांनीं दावा लावला. ओवी ही परंपरेची, तिचा कर्ता कोणी नाहीं. पण गाणारीचा हक्क आपला कायदा ५० वर्षें मानतो, म्हणजे १९९६ मधील गायनाचा हक्क २०४६ अखेरपर्यंत आहे. नांव गाळून प्रत फिरविणाऱ्यास हें ठाऊक नसतें. त्या बाईनें पैसा मागितलेला नाहीं. तिचें नांव तरी फाईलीवर असावें.

जिल्हा व गांव यांच्या नोंदी वाचतांना एक सावधगिरी बाळगावी. हिंगोली जिल्हा परभणींतून १ मे १९९९ रोजीं वेगळा झाला. तेव्हां १९९६ च्या फितीवर 'परभणी' असें लिहिलेलें असल्यास तें गांव आजच्या हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा किंवा सेनगांव तालुक्यांतील असूं शकेल. आणि नंतर प्रसिद्ध झालेल्या यादींत त्याच ओवीपुढें 'हिंगोली' आढळल्यास ती दुसरी ओवी समजूं नये. टाकळी, पिंपळगांव, बोरगांव या नांवांचीं गांवें मराठवाड्यांत इतकीं आहेत कीं, तालुक्यावांचून नुसतें नांव कुचकामाचें आहे. ज्या वाचकांच्या संग्रहीं जिंतूर, सेलू, पाथरी, मानवत, सोनपेठ, पालम किंवा गंगाखेड या भागांतील ओव्यांच्या घरगुती कॅसेटी असतील, त्यांनीं त्या उतरून घेतांना कॅसेटीच्या दोन्ही बाजू अखंड, मधल्या बोलण्यासह व जात्याच्या आवाजासह उतराव्यात. कॅसेटीच्या वेष्टणावरील हस्ताक्षराचें छायाचित्र त्याच फाईलींबरोबर ठेवावें. आणि म्हणणारीचें सासरचें व माहेरचें अशीं दोन्ही नांवें व दोन्ही गांवें लिहावींत. ओवी बहुधा माहेराहून आलेली असते.