आजोबा होणार ही बातमी आणि कोतवाल बुकाची नक्कल



आज डाळिंबाचं काही नाही. तेल्याबद्दल विचारणाऱ्यांनी दोन दिवस थांबा, त्यावर सविस्तर लिहितो. आज घरचं लिहायचंय, पण त्यात इतिहास आहे, म्हणून इथं टाकतोय.

बेंदराच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. मी ड्रीपच्या नळ्या धुवत होतो. पोराचा व्हॉट्सअॅपवर फोटो आला. पांढरी पट्टी आणि त्यावर दोन गुलाबी रेघा. मला वाटलं पाण्याचा नाहीतर मातीचा सामू तपासायची काही नवी पट्टी आली असंल. मी उलट विचारलं, "कुठल्या प्लॉटचं?" बराच वेळ उत्तर नाही. मग आलं, "आण्णा, तुम्ही आजोबा होणार."

नळीचं तोंड हातात तसंच. पाणी पायावर पडत होतं ते मागनं कळलं.

घरी गेलो तर मंडळी चुलीपुढं गप्प बसलेली. एवढंच म्हणाली, "पाच महिने सरूस्तोवर कुणाला बोलायचं नाही. पेजवर तर अजिबात नाही." आई बाजल्यावरनं म्हणाली, "मला आठ दिसांपूर्वीच कळलं हुतं. भाकरीचा वास सोसंना झालाय तिला." आणि पुढं म्हणाली, "आपल्या घरात आधी बोलून दाखवत न्हाईत. कचरूबाबापासनं चालत आलंय."

कचरूबाबा म्हणजे माझे आजोबा. माझ्या सातबाऱ्याच्या जुन्या फेरफारात अजून त्यांचं नाव आहे. मला शाळेत असताना त्या नावाची लाज वाटायची, खोटं कशाला बोलू. पोरं चिडवायची. कुणाला नाव ठेवायचं तर केरकचऱ्याचं कशाला ठेवावं, असं वाटायचं. आई ते बोलून गेली आणि मला पेटीतली नक्कल आठवली.

2023 साली कुणबी नोंदी शोधायची धांदल उडाली होती ती आठवत असंल. मीही तहसीलच्या अभिलेख कक्षात चार खेपा घातल्या. आमच्या सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे जुन्या मुंबई इलाख्यात, जन्म-मृत्यूची नोंद गावपातळीवर व्हायची. गाव नमुना 14. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. बरीचशी मोडीत. मोडी वाचणाऱ्या एका गृहस्थांनी आमची पानं लावून दिली, मी तिकीट लावून नकला घेतल्या. पण तेव्हा मी फक्त जातीचा रकाना वाचला. काम झालं, कागद घडी घालून पेटीत. बाकीचे रकाने बघायचं सुचलंच नाही.

आता बघितले. बेंदराच्या त्याच आठवड्यात, रात्री, मोबाईलच्या उजेडात. गृहस्थांनी शेजारी बालबोधीत लिहून दिलेलं होतं म्हणून वाचता आलं.

साल 1918. माझ्या पणजोबांच्या नावापुढं तीन मयत. मुलगी, वय 6. मुलगा, वय 4. मुलगी, वय 1. तिन्ही एकोणीस दिवसांत. कारण तिन्हीला एकच, ताप. पोरांची नावं नाहीत. अमक्याची मुलगी, अमक्याचा मुलगा, बस्स.

जुनी माणसं त्या साथीला मानमोडी म्हणायची. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी आलेला इन्फ्लुएंझा. जून 1918 मध्ये मुंबईत दिसला. ती लाट हलकी होती. सप्टेंबरपासून दुसरी आली ती भयंकर. रेल्वेनं आत आत शिरली, आणि सोलापूर तर रेल्वेवरचंच. त्याच वर्षी पावसानं दगा दिलेला. माणसं अर्धपोटी, ज्वारी महाग, आणि वरनं हा ताप. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांच्या वर माणूस गेला असं मानतात. शिरगणती सुरू झाल्यापासून देशाची लोकसंख्या घटलेलं दशक एकच, 1911 ते 1921.

कारणाच्या रकान्याचं पण सांगतो, कारण आपल्यातल्या कृषी अधिकारी मंडळींना नोंदवहीची किंमत माहीत आहे. त्या काळच्या नोंदीत पटकी, देवी, प्लेग, हगवण यांना आपापली जागा होती. या नव्या आजाराला नव्हती. कोतवालानं नाहीतर पाटलानं काय लिहायचं? ताप. म्हणून त्या सालातले कितीतरी मृत्यू तापातच जमा आहेत. शेतातही असंच होतं बघा, मर लागली की आपण लिहितो "झाड वाळलं". मुळ्या उकरून कोण बघतो.

या साथीत म्हातारीकोतारी गेलीच, पण कर्ती माणसं, वीस ते चाळीस वयाची, फार गेली. हिंदुस्थानात पुरुषांपेक्षा बायका जास्त गेल्या. पोटुशा बायकांना तर ती साथ फारच वाईट. त्यामुळं 1919 साली देशात जन्मच कमी झाले. गृहस्थांनी मला तेव्हाच दाखवलं होतं की आमच्या गावचं त्या सालचं जन्माचं पान निम्मं कोरं आहे. मी "हो का" म्हणून पुढं सरकलो होतो.

मग 1920. पणजोबांच्या नावापुढं एक जन्म. मुलगा. नाव नाही.

हा मुलगा म्हणजे कचरू.

ज्या घरात पोरं जगत नसत तिथं पुढच्या पोराला असली नावं ठेवायची रीत होती. कचरू, केरू, दगडू, धोंडू. जन्मल्यावर उकिरड्यावर ठेवून परत उचलून आणायचं, नाहीतर सूपात घालून दुसऱ्या बाईला दोन पैशाला विकायचं आणि तिच्याकडनं परत घ्यायचं. म्हणजे दृष्ट लावणाऱ्याला, नेणाऱ्याला वाटावं की हे टाकाऊ आहे, याच्याकडं बघण्यासारखं काही नाही. पोटातलं असतानाही कुणाला सांगायचं नाही ते त्याच भीतीनं. मला ज्या नावाची लाज वाटायची ते तीन पोरं पुरून आलेल्या आईबापांनी चौथं राखायला लावलेलं कुंपण होतं. आजोबा चांगले सत्तर वर्षं जगले. मला खांद्यावर घेऊन माणगंगेच्या वाळूत फिरायचे. एकदाही त्या तिघांबद्दल बोलले नाहीत. त्यांना तरी कितपत माहीत होतं कुणास ठाऊक.

माझी स्वतःची नोंद सांगतो, जरा हसा. कागदावर माझा जन्म 1 जून. आमच्या वर्गात निम्म्या पोरांचा वाढदिवस 1 जूनला. गुरुजींनी शाळेत घालताना वय बसवून टाकलेलं. खरं म्हणजे मी 72 च्या दुष्काळातला. आई पोटुशी असताना पाझर तलावाच्या कामावर माती वाहत होती. सुकडी आणि मिलोवर दिवस काढले. आई म्हणते, "तलावाची पाळ कमरंइतकी झाली तवा तू झालास." तलाव अजून आहे, गाळानं भरलाय. त्याच्या आधी म्हणजे 1969 ला जन्म-मृत्यू नोंदीचा कायदा झाला होता, पण पाळीवरच्या बाईला कोण सांगणार? त्या सुमाराला, 1971 साली, देशात हजार पोरं जन्मली तर वर्षाच्या आत 129 जायची. 2020 ला तो आकडा 28 वर आला. लस आली, देवी गेली, 1977 ला देश देवीमुक्त जाहीर झाला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घ्यायची पद्धत उभी केली, ती पुढं देशभर आशाताईंच्या कामात आली. 28 सुद्धा थोडी नाहीत. पण फरक बघा.

मंडळी गप्प का बसली होती ते आता लिहितो, तिला विचारूनच. आमचं पहिलं 1995 ला सातव्या महिन्यात गेलं. जीपमधून नेता नेता. त्याची नोंद कुठल्याच बुकात नाही. पोराला आम्ही कधी सांगितलं नव्हतं. नकला वाचून दाखवल्या त्या रात्री तिनंच त्याला आणि सूनबाईला सांगितलं. सूनबाई उठून तिच्याजवळ जाऊन बसली. मी गोठ्यात गेलो, बैलांना वैरण होती तरी टाकली.

परत येईतोवर मंडळींनी आईला विचारलं होतं, "त्या तिघांच्या आईचं नाव काय हो?"

आई बराच वेळ आठवत राहिली. तिनं त्यांना बघितलेलं नाही. "सासूबाई थोरल्या आई म्हणायच्या. सगळीच थोरली म्हणायची." बुकात बापाचं नाव आहे, जात आहे, तारीख आहे, कारण आहे. जिनं जन्म दिला आणि जिनं एकोणीस दिवसांत तिघांना पोचवलं, तिचं नाव रकान्यातच नव्हतं. भावकीत चार म्हाताऱ्यांना विचारलं. कुणालाच ठाऊक नाही. आमच्या वंशावळीत तिच्या जागी मी आता पेन्सिलीनं "थोरली" लिहून ठेवलंय.

आशाताई ऑगस्टमध्ये नोंद करायला आल्या. त्यांनी माता-बाल संरक्षण कार्ड काढलं, आणि पहिलं नाव लिहिलं ते सूनबाईचं. आपल्या राज्यात 1 मे 2024 पासून जन्मणाऱ्या बाळाचं नाव शासकीय कागदावर आधी स्वतःचं, मग आईचं, मग बापाचं, मग आडनाव असं लिहायचं आहे. काहीजणांना ते लांबलचक वाटतं. सहा रकाने वाढले तरी चालतील असं माझं मत झालंय.

आता पाचवा महिना सरलाय. आईची परवानगी मिळाली, सूनबाईची तर आधीच होती, म्हणून लिहितोय. कार्तिक चालू आहे. 1918 ला पण असाच कार्तिक असणार, मी मुद्दाम तारखा परत बघितल्या नाहीत.

नाव काय ठेवायचं यावर बोलायला आईची बंदी आहे, बाळ हातात आल्याशिवाय नाही म्हणते. मी काही म्हणत नाही. मुलगा का मुलगी हे कुणी विचारू नका, आम्हालाही माहीत नाही.

माळदांडी आत्ता गुडघ्याला आलीय, पोंगा स्वच्छ आहे, लष्करी अळी अजून दिसलेली नाही. सातव्यात ओटी भरून सूनबाई माहेरी जाईल. तारीख दिलीय मार्चच्या पहिल्या पंधरवड्यातली, म्हणजे नेमकी ज्वारी काढणीला आलेली असणार आणि मी व्याह्यांच्या गावाला. काढणीला टोळी कुणाच्या ओळखीत असंल तर आत्ताच सांगून ठेवा, रोज तुमच्याकडं चालतो तो देईन.