'मोडशी' आणि 'कॉलरा' : दोन रोगनामांचा उलटा प्रवास

रोगाचे नाव हा त्या रोगाच्या इतिहासाचा एक साक्षीदार होय. परंतु अन्य साक्षीदारांप्रमाणे त्याचीही उलटतपासणी करावी लागते. पटकीची जी साथ १८१७ मध्ये बंगालातील जेसोर येथे भडकली आणि पुढील वर्षी मुंबईपर्यंत येऊन ठेपली, तिच्यापूर्वी हा रोग पश्चिम किनाऱ्यावर होता काय, असा प्रश्न वैद्यकाच्या इतिहासात वारंवार उपस्थित होतो. तो रोग येथे होता असे म्हणणाऱ्यांच्या पुराव्यांत 'मोडशी' हा मराठी शब्द मोडतो.

गास्पार कोरैया या पोर्तुगीज बखरकाराने १५४३ मध्ये गोव्यात झालेल्या एका प्राणघातक विकाराचे वर्णन केले असून त्याचे देशी नाव नोंदविले आहे. गोव्यात वैद्यकी करणाऱ्या गार्सिया द ऑर्ता याचा औषधिद्रव्यांवरील संवादात्मक ग्रंथ १५६३ मध्ये तेथेच मुद्रित झाला. त्यात हा रोग येथील लोक 'मोर्शी' म्हणतात, पोर्तुगीज मात्र अपभ्रंशाने 'मोर्देशी' म्हणतात, असे तो सांगतो. आपल्या मूर्धन्य 'ड'चा उच्चार परकी कानाला कधी 'र'सारखा, कधी 'र्द'सारखा वाटला, हे उघड आहे. मूळ शब्द 'मोडणे' या धातूपासून झाला, असे सामान्यतः मानतात. 'अंग मोडून येणे' हा प्रयोग ज्याच्या बोलण्यात आहे, त्याला वेगळे स्पष्टीकरण नको. वांती, ढाळ आणि पेटके यांनी शरीर मोडून पडते, असा त्याचा भाव.

पुढे फ्रेंचांनी त्याच शब्दाचे 'मॉर द शियँ' असे रूप केले. त्या भाषेत याचा अर्थ 'कुत्र्याचे मरण' असा होतो. अपरिचित शब्दाला परिचित शब्दांचा पोशाख चढविण्याच्या या प्रवृत्तीस लोकव्युत्पत्ती म्हणतात. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या कोशात ही परंपरा नोंदलेली आहे. एका मराठी क्रियापदातून युरोपात कुत्र्याचे मरण उत्पन्न व्हावे, हा भाषेतील नियमित व्यापार असला, तरी तो न ओळखणाऱ्या वाचकाची दिशाभूल होते.

आता 'कॉलरा'कडे वळू. हा शब्द ग्रीक असून त्याचा संबंध 'खोले' म्हणजे पित्त या शब्दाशी जोडतात; काही प्राचीन वैद्यांनी तो आतड्याच्या नावाशीही जोडला होता. पहिली व्युत्पत्ती स्वीकारली, तर एक विस्तृत गोतावळा दिसू लागतो. 'खोले' ज्या मूळ भारत-युरोपीय धातूपासून आला, त्याचा अर्थ पिवळेपणा-हिरवेपणा असा होता. संस्कृतातील 'हरि', 'हरित', 'हिरण्य' हे त्याच कुळातील. 'हरि'पासून 'हरिद्रा' आणि तिच्यापासून आपली हळद. पित्ताश्मातील द्रव्याला शव्हरोल याने १८१६ मध्ये दिलेल्या नावातून आलेले 'कोलेस्टेरॉल' आणि १८१० मध्ये डेव्हीने हिरवट-पिवळ्या रंगावरून नाव दिलेला 'क्लोरीन', हेही त्याचेच सगोत्र. ज्या द्रव्याने आज आपण पाणी निर्जंतुक करतो, त्याचे आणि त्या पाण्यातून पसरणाऱ्या रोगाचे नाव अशा रीतीने एकाच मुळाशी पोचते. अर्थात हे नाते रंगाचे आहे, कार्यकारणाचे नव्हे.

या दोन शब्दांच्या अर्थांची वाटचाल परस्परविरुद्ध दिशांनी झाली. सिडनहॅमने सतराव्या शतकात ज्याला 'कॉलरा' म्हटले, तो इंग्लंडातील उन्हाळ्याच्या अखेरीचा वांती-ढाळाचा विकार होता. १८१७ नंतरच्या साथींनी त्या शब्दाला आजची दाहकता दिली. याउलट सोळाव्या शतकातील प्राणघातक 'मोडशी' आज घरगुती अपचनापुरती उरली आहे. सुश्रुतसंहितेतील 'विसूचिका' हे नाव सुया टोचल्यासारख्या वेदनेवरून आले. तिन्ही नावे लक्षणांवर किंवा दोषकल्पनेवर आधारलेली आहेत. कारणाचा निर्देश त्यांत कोठेही नाही. कारणभूत जंतू पाचीनी याने १८५४ मध्ये पाहिला, आणि कोख याने १८८४ मध्ये कलकत्त्यात आपले संशोधन पूर्ण करून त्याचे रोगाशी असलेले नाते प्रस्थापित केले.

तेव्हा 'मोडशी म्हणजे कॉलरा' हे समीकरण मांडून १५४३ च्या साथीचे निदान करता येणार नाही. त्या निदानाला आधार मिळालाच, तर तो कोरैया आणि ऑर्ता यांनी वर्णिलेल्या लक्षणांत, रोगाच्या वेगात आणि मृत्यूंच्या प्रमाणात शोधावा लागेल. शब्द एवढेच सिद्ध करतो की, मराठी-कोंकणी भाषकांना तीव्र वांती-ढाळाचा एक विकार त्या काळी परिचित होता आणि त्यासाठी त्यांना परक्या भाषेकडून नाव उसने घ्यावे लागले नव्हते. यापलीकडील साक्ष शब्दाकडून वदवून घेऊ नये. आणि एवढी साक्ष मात्र कोणी नाकारूही नये.