पंप नसलेले पाणीपुरवठा केंद्र

वारसा म्हटला की आपल्याला देवळे, चर्चेस, किल्ले आठवतात. पाणी खेचणारे पंपघर कोणालाच आठवत नाही. खांडेपार नदीवरचे आपले ओपा १९५७ सालचे, म्हणजे पोर्तुगीज अमदानीतले. तिथली वीज गेली की पणजीचे नळ कोरडे पडतात, तेवढ्यापुरते आपण त्याचे नाव घेतो. एरवी त्याच्याकडे ऐतिहासिक वास्तू म्हणून कोण पाहतो?

हा विचार डोक्यात आला तो मध्य प्रदेशातल्या मराठी मुलखाविषयी वाचताना. पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके मिळून २०२३ साली छिंदवाड्यापासून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. संत्र्यांचा आणि जाम नदीवरच्या गोटमारीचा हा प्रदेश; घराघरांतून मराठी बोलतात. त्याच सातपुड्याच्या कुशीत, पण बरेच पश्चिमेला, तापीकाठी बुऱ्हाणपूर आहे. तिथे १६१५ सालचे एक पाणीपुरवठा केंद्र आहे, आणि त्यात पंप नाही!

त्याचे नाव कुंडी भंडारा. लोक खुनी भंडाराही म्हणतात. सातपुड्यावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि भूगर्भातून तापीकडे सरकत राहतो. हे पाणी वाटेतच गाठायचे, एवढीच मूळ कल्पना. त्यासाठी डोंगराच्या बाजूने शहराच्या दिशेने जमिनीखाली जवळजवळ चार किलोमीटरचा बोगदा खणला आणि त्याला अगदी किंचित उतार दिला. वरून ठरावीक अंतरावर विहिरींसारख्या उभ्या कुंड्या खणल्या, शंभराहून अधिक. कुंड्यांतून हवा खेळते, गाळ काढायला माणूस उतरतो. पाणी आपल्या वजनानेच वाहत जाली करंज या हौदात येते आणि तिथून मातीच्या नळांतून शहरात जात असे. इराणात याला कनात म्हणतात. आखणी करणारा म्हणून तबकुतुल अर्ज या इराणी भूगर्भतज्ज्ञाचे नाव सांगितले जाते. बुऱ्हाणपुरात अशा एकूण आठ योजना होत्या, असे मानतात.

ही कामे झाली ती अब्दुर रहीम खानखानाच्या काळात. होय, दोहे लिहिणारा तोच रहीम. दक्षिणेच्या मोहिमांसाठी बुऱ्हाणपूर हा मोगलांचा मोठा तळ होता. एवढी फौज आणि एवढे शहर पोसायचे तर नुसत्या तापीवर भरवसा ठेवून चालणार नव्हते. शत्रूने नदीत विष कालवले तर काय, ही भीतीही होतीच म्हणतात.

आणि तो शत्रू कोण? निजामशाहीचा मलिक अंबर. गंमत पाहा, याच दशकात मलिक अंबरही आपल्या नव्या खडकी शहरासाठी, म्हणजे पुढच्या औरंगाबादसाठी, जमिनीखालून नहर काढत होता. रणांगणावर एकमेकांना पाण्यात पाहणारे हे दोघे आपापल्या शहराला पाणी द्यायला मात्र एकाच वाटेने गेले. आमच्या शालेय पुस्तकांत दोघांच्या लढाया होत्या, नहरींचा उल्लेख नव्हता. मला विचाराल तर लढायांपेक्षा नहरी जास्त टिकल्या.

मार्च २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत खुनी भंडाऱ्याचे नाव आले. आनंद झाला, पण धाकधूकही आहे. बोगद्याच्या भिंतींवर चुन्याचे थर साचत जातात आणि झिरपणाऱ्या पाण्याची वाट अरुंद होते. त्याहून मोठी काळजी वरची. बुऱ्हाणपूर हा केळीचा जिल्हा, आणि केळीला पाणी अमाप लागते. कूपनलिका खोल जातात, भूजल खाली उतरते, आणि बोगदा तर चारशे वर्षांपूर्वी ठरवलेल्या पातळीवरच थांबलेला. पाणी त्याच्याही खाली गेले की कुंड्या उरतील, भंडारा उरणार नाही. कुंडीच्या तोंडाशी कठडा बांधता येतो, फलक लावता येतो. पण पाणी मुरते ते डोंगरउतारावर, शेतांत, त्याला कुंपण कसे घालणार? केळीवाल्याला दोष देणेही सोपे नाही, त्याचे पोट त्या पंपावर आहे.

आपल्याकडे फोंतेनिशला नाव मिळाले तेही झऱ्यावरूनच. तिथली घरे रंगवून होतात, फोटोही खूप निघतात. झऱ्यांना पाणी देणाऱ्या आल्तिनच्या टेकडीबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

बुऱ्हाणपूर मुंबई-इटारसी लोहमार्गावर, भुसावळच्या पुढे आहे. एका कुंडीत उतरायला लिफ्ट बसवलेली आहे, साधारण ऐंशी फूट खाली.