धमनीगत वायु : शब्द आणि रोग

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील २६ व्या अध्यायांत शरीरांत रुतलेल्या शल्याचीं लक्षणें स्थानपरत्वें दिलीं आहेत. शल्य धमनींत असल्यास फेसाळ रक्तासह वायु आवाज करीत बाहेर पडतो, असें तेथें म्हटलें आहे. हृदयावरील शस्त्रक्रियेनंतर धमन्यांत हवा शिरून होणारा रोग तो हाच, असें म्हणण्याचा मोह यावरून होतो. तो आवरला पाहिजे. तेथें वायु बाहेर येतो. येथें हवा आंत जाते.

या रोगाच्या ज्ञानाचा धागा निराळ्याच ठिकाणीं सांपडतो. दाब वाढला कीं हवेचें आकारमान त्याच प्रमाणांत घटतें, हा नियम इंग्लंडांत रॉबर्ट बॉइल यानें इ. स. १६६२ मध्यें प्रसिद्ध केला. पुढें १६७० मध्यें, निर्वातपात्रांत ठेवलेल्या विषारी सापाच्या डोळ्यांत हलता बुडबुडा दिसल्याची नोंदहि त्यानेंच केली. देहांतील बुडबुडा व त्यास आटविणारा नियम, दोन्ही एकाच लेखणींतून उतरलीं. परंतु त्यांची गांठ पडण्यास दोन शतकें लागलीं. दाब एकाएकीं उतरल्यास रक्तांत नत्रवायूचे बुडबुडे होतात, हें पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८७८ च्या ग्रंथांत प्रयोगान्तीं दाखविलें.

ता. ६ मे १९५३ रोजीं फिलाडेल्फिया येथें जॉन गिबन यानें हृदय व फुप्फुसें यांचें काम यंत्रावर सोंपवून हृदयांतील छिद्र यशस्वी रीतीनें बुजविलें. अशा शस्त्रक्रिया वाढल्या तसा हा धोकाहि वाढला. उघडलेल्या कप्प्यांत राहिलेली हवा, हृदय पुनः चालूं लागतांच, महाधमनीवाटें मेंदूस पोहोंचूं शकते. भुलीचा अंमल सरल्यावरहि रोगी शुद्धीवर न येणें, आंचके येणें, एका अंगाची शक्ति जाणें, हीं त्याचीं लक्षणें होत. सीटी स्कॅनमध्यें हवा दिसली नाहीं एवढ्यावरून रोग नाहीं असें ठरत नाहीं. म्हणून वैद्याच्या मनांत वेळींच संशय येणें हेंच निदानाचें मर्म.

उपचार बॉइलच्या नियमावरच उभा आहे. शुद्ध प्राणवायु देत रोग्यास दाबकोठडींत साधारणतः २.८ वातावरणांच्या दाबाखालीं ठेवितात. त्यायोगें बुडबुडा मूळच्या सुमारें ३६ टक्के उरतो, व त्यांतील नत्रवायु हळूहळू रक्तांत विरून जातो. विलंब जितका कमी तितकें हित. तथापि उशिरा केलेल्या उपचारानेंहि गुण आल्याचीं उदाहरणें नमूद आहेत.

पोथींत ‘वायु’ हा शब्द पाहून हा शोध आपण आपल्या पदरांत घातला, तर सुश्रुताचा मान वाढत नाहीं. जखमेंतून उसळणारें जें फेसाळ रक्त त्या ग्रंथानें नोंदलें, तेंच आपण पुसून टाकितों.